तिसऱ्या वेचणीचा भाव

डिसेंबर २०२४. चार दिवसांची रजा टाकून मी पिशोरला घरी आलो होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेतातल्या बाभळीखाली बाबा काट्यावर कापूस मोजत होते. बायका एकेक करून गाठोडं काट्याला अडकवायच्या, आकडा स्थिर झाला की बाबा वहीत लिहायचे. १८, २१, १७, २०. पहिल्या वेचणीला याच वहीत ४५ आणि ५० चे आकडे होते.

टोळीतल्या वयानं मोठ्या असलेल्या मावशींनी गाठोडं सोडलं आणि म्हणाल्या, "भाऊ, उद्यापासून पंधरा रुपये किलो. नाहीतर आम्ही येत नाही."

"दहानं ठरेल होतं ना," बाबा म्हणाले. "मधेच पंधरा काहून?"

"ठरलं तवा बोंडं भरेल होती. आता झाडाला काय ठेवेल हाय? दिवसभर वाकायचं आन दोनशे रुपये बी नाही."

बाबांनी वही मिटली. छोटा हत्ती बायकांना घेऊन गेला. तीन एकरांतली उरलेली वेचणी तशीच राहिली.

आता माझ्याबद्दल सांगतो, कारण त्याशिवाय त्या रात्री मला झोप का लागली नाही ते कळणार नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमची टीम पगाराचं सॉफ्टवेअर बनवते. त्यातला किमान वेतनाचा भाग माझ्याकडे आहे. महाराष्ट्रात प्रत्येक उद्योगासाठी, प्रत्येक परिमंडळासाठी, कुशल, अर्धकुशल आणि अकुशल कामगारांसाठी वेगवेगळे दर असतात. त्यावर महागाईप्रमाणे विशेष भत्ता, तोही वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत बदलतो. ही सगळी टेबलं अपडेट करणं माझं काम. त्यात एक नियम मी स्वतः कोडमध्ये लिहिलाय: कामगार नगावर काम करत असेल आणि त्याची दिवसाची कमाई किमान दरापेक्षा कमी भरत असेल, तर सिस्टिमनं फरक काढायचा आणि पगारात घालायचा. हा नियम माझ्या डोक्यातून आलेला नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम १७ मध्येच तो होता.

किलोवर कापूस वेचणं हे नगावरचंच काम आहे. म्हणजे हजारो लोकांच्या पगारात जो फरक मी कोड लिहून भरून देतो, तोच फरक माझ्या स्वतःच्या शेतात कुणी भरत नव्हतं.

जेवताना मी बाबांना म्हणालो, "पंधरा देऊन टाका. वरचे पैसे मी पाठवतो. किती होतील? तीन क्विंटल निघेल, किलोमागं पाच म्हणजे दीड हजार."

हिंजवडीत टीमबरोबर बाहेर जेवायला गेलो तर माझ्या एकट्याच्या वाट्याला कधीकधी इतकं बिल येतं. मला वाटलं, विषय संपला.

बाबांनी हात धुतले आणि म्हणाले, "मग ती शेती राहिली का? तुझा छंद झाला. पुढच्या साली तू नाही पाठवले तर? आन मी पंधरा दिले की सकाळी शेजारचा माझ्या दारात येईल, तू भाव फोडला म्हणून. तुझ्या त्या टेबलात मजुरीचा भाव हाय. कापसाचा भाव पण लिहून दाखव ना एकदा."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मला जे येतं ते मी केलं. बाबांच्या वहीचे फोटो काढले आणि सगळ्या नोंदी लॅपटॉपवर एक्सेलमध्ये भरल्या.

पहिल्या वेचणीला एका बाईची दिवसाची सरासरी ४६ किलो. दुसऱ्या वेचणीला ३४. तिसऱ्या वेचणीच्या त्या दिवशी १९. दहा रुपयांनी हिशेब केला तर ४६०, ३४० आणि १९० रुपये. त्या वर्षी मनरेगाची महाराष्ट्रातली मजुरी २९७ रुपये होती. म्हणजे पहिल्या दोन वेचण्यांना बायका त्या रेषेच्या वर होत्या आणि तिसऱ्यात एकदम खाली. मावशी पंधरा मागत होत्या, म्हणजे दिवसाला २८५. ही मागणीसुद्धा सरकारच्या मातीकामाच्या मजुरीपेक्षा बारा रुपयांनी कमीच होती.

किलोच्या भावात एक गोष्ट लपलेली असते, ती मला तेव्हा पहिल्यांदा दिसली. पीक भरात असतं तेव्हा हा भाव दोघांनाही परवडतो. पीक उतरतं तेव्हा तोटा कुणाचा, हे तो गुपचूप ठरवून टाकतो. शेतकरी रोजानं पैसे देत असेल तर हलक्या बोंडांचा तोटा त्याचा. किलोनं देत असेल तर बाईचा. भांडण दहा आणि पंधराचं नव्हतंच. हंगामाच्या शेवटी पडणारा खड्डा कुणी भरायचा, याचं होतं.

हिशेब करताना एक आकडा जुळेना. पहिल्या दोन वेचण्यांची वहीतली बेरीज १६ क्विंटल होती. व्यापाऱ्याच्या पावत्यांची बेरीज साडेसतरा क्विंटलच्या पुढं. दीड क्विंटलहून जास्त कापूस कुठून आला? मला वाटलं आकडा भरताना माझी चूक झाली. दोनदा तपासलं. मग आईला विचारलं.

"मी बी वेचते ना रे त्यांच्यासंगं," आई म्हणाली. "माझं कशाला लिहितील? मला काय पैसे द्यायचेत?"

मग तीच म्हणाली, "पंधरा जास्त नाही मागू राहिल्या. तिसऱ्या वेचणीला बोंडाची टोकं वाळून काट्यासारखी होतात. बोटं सोलून निघतात. तुझ्या बाबांना काटा धरायचा असतो, बोंड नाही."

आईच्या वाट्याचं काम हिशेबात न धरण्याची परंपरा आमच्या घरापुरती नाही. १९५७ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात गरजेवर आधारित किमान वेतनाचं सूत्र ठरलं. देशातल्या किमान वेतनाच्या चर्चेला अजून त्याचाच पाया आहे. कमावणारा एक, आणि त्याच्यावर तीन ‘उपभोग एककं’ इतकं कुटुंब. त्यात माणशी अन्न, वर्षाचं कापड, घरभाडं, सरपण. आणि एक स्पष्ट सूचना: बायका-मुलांची कमाई हिशेबात धरू नये. हेतू चांगला होता, एकाच्या मजुरीत घर चालावं. पण पिशोरच्या शेतात मजुरीचं बहुतेक काम बायकाच करतात. फवारणीला गडी लागतो, त्याचा रोज पाचशे. खुरपणीला बाई लागते, तिचा अडीचशे-तीनशे. समान मोबदल्याचा कायदा १९७६ मध्येच झाला होता, पण बांधावर कुणी त्याचं नाव काढत नाही.

आता बाबांचा प्रश्न. कापसाचा भाव लिहून दाखव.

२०२४-२५ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,१२१ रुपये क्विंटल होता. आम्हाला गावातल्या व्यापाऱ्याकडून सरासरी ६,८०० मिळाले. सीसीआयच्या केंद्रावर का नेला नाही? तिथं ओलावा १२ टक्क्यांच्या वर असेल तर घेत नाहीत, गाडीभाडं आपलं, पैसे नंतर खात्यावर. आणि बायकांची मजुरी आठवड्याला हातात द्यावी लागते. ज्याला रोख लागते तो हमीभावाची वाट बघू शकत नाही.

हंगाम संपल्यावर मी पूर्ण हिशेब मांडला. तीन एकरांत २१ क्विंटल, म्हणजे एक लाख ४२ हजारांच्या आसपास. बियाणं, खत, फवारणी, नांगरट, वेचणी धरून खर्च ९२ हजार. उरले ५० हजार. आई-बाबांनी या पिकात प्रत्येकी किती दिवस काम केलं, ते त्यांच्याबरोबर बसून मोजलं. साधारण ११० दिवस. म्हणजे दोघांचे मिळून २२० दिवस, आणि एका दिवसाचे २२७ रुपये.

वेचणाऱ्या बाईला १९०. शेताच्या मालकाला २२७. दोघंही २९७ च्या खाली. आणि ते दोघं एकमेकांशी पाच रुपयांवरून भांडत होते.

किमान वेतनावरचा वाद इंटरनेटवर वाचलात तर बहुतेक वेळा न्यू जर्सीची गोष्ट भेटते. १९९२ च्या एप्रिलमध्ये तिथं तासाचं किमान वेतन सव्वाचार डॉलरवरून पाच डॉलर पाच सेंट झालं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात वाढलं नाही. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या ४१० फास्ट फूड हॉटेलांची पाहणी केली. पुस्तकी अर्थशास्त्राप्रमाणे न्यू जर्सीत नोकऱ्या घटायला हव्या होत्या. तसं काही त्यांना दिसलं नाही. यावर पुढं खूप वाद झाले, पण कार्डना २०२१ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

ऑफिसात चहाच्या वेळी मीही हे उदाहरण फेकत असे. पण बर्गर विकणारं दुकान वाढलेली मजुरी बर्गरच्या किमतीत थोडी घालू शकतं. बाबा कापसाच्या किमतीत घालू शकत नाहीत. त्यांना भाव सांगितला जातो, विचारला जात नाही.

आपल्याकडचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे आणि ते आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथं मिळणाऱ्या सुकडीची चव तिला अजून आठवते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्या दुष्काळात राज्यभर पसरली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला, तो या योजनेसाठी. माझ्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, वर्षाचे २,५००, तो हाच कर. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये मी ती कपात शेकडो वेळा पाहिली होती. तिची सुरुवात आजीच्या खडीच्या ढिगापाशी झाली, हे मला ठाऊक नव्हतं.

१९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या एका खटल्यात सांगितलं, की दुष्काळी कामावरसुद्धा किमान वेतनापेक्षा कमी देणं म्हणजे वेठबिगारी. १९८८ मध्ये महाराष्ट्रात शेतमजुरांचं किमान वेतन दुप्पट झालं आणि त्याबरोबर रोजगार हमीची मजुरीही दुप्पट झाली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी त्यानंतर काय झालं ते तपासलं. मजुरी वाढली तसे जास्त लोक काम मागू लागले असणार. पण योजनेचा पैसा त्या प्रमाणात वाढला नाही. कामं पुरेशी निघेनात, मागणाऱ्या सगळ्यांना काम मिळेना. कागदावर हमी राहिली, पण मागेल त्याला काम हे तिचं मूळ वचन ढिलं पडलं.

हे वाचून ‘बघा, मजुरी वाढवली की असंच होतं’ म्हणणं सोपं आहे. पण त्या अभ्यासातून मला वेगळी गोष्ट कळली. दर एकटा वाढवता येत नाही. त्याच्यामागं पैसा उभा नसेल तर तो दिवस खातो. आणि पैसा उभा असेल तर? आंध्र प्रदेशात मनरेगाची मजुरी वेळेवर आणि पूर्ण मिळू लागली तेव्हा काय झालं, याचा मोठा प्रयोग कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी केला. तिथं खासगी शेतीतली मजुरीही वाढली आणि खासगी काम घटलं नाही. हातात दुसरं काम आहे म्हटल्यावर बाई भाव करू शकते.

आमच्या पारावर हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत चालते. "रेशनचं धान्य फुकट, वरून लाडक्या बहिणीचे पंधराशे, आता कोण येतं कामाला?" जुलै २०२४ पासून योजना सुरू झाली आणि त्या हंगामात हे वाक्य मी किमान वीस वेळा ऐकलं. बोलणारे वाईट लोक नाहीत. त्यांची वेचणी खरंच खोळंबलेली असते. पण वाक्याचा अर्थ नीट बघा. बाईला घरी बसून उपाशी राहावं लागत नाही, म्हणून ती १९० रुपयांना नाही म्हणते. पिशोरमध्ये राजपत्रातला दर कुणी बघत नाही, कामगार निरीक्षक कुणाच्या बांधावर आलेला मी ऐकला नाही. तिथं खरं किमान वेतन एकच आहे: ज्या रकमेला बाई ‘येत नाही’ म्हणू शकते ती. ते ठरवतात रेशन, मनरेगा, पंधराशे रुपये आणि शेजारच्या गावातली अद्रकीची काढणी.

म्हणून मला दोन नव्या गोष्टी एकत्र वाचाव्याशा वाटतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. किमान वेतन आता ठरावीक यादीतल्या उद्योगांपुरतं नाही, सगळ्यांना आहे, आणि केंद्रानं देशभरासाठी एक तळाचा दर ठरवायचा आहे. याआधीचा असा राष्ट्रीय दर २०१७ मध्ये १७६ रुपये होता. २०१९ मध्ये अनुप सत्पथी समितीनं ३७५ सुचवले होते. नवा दर काय येतो त्यावर बरंच अवलंबून आहे. दुसरी गोष्ट डिसेंबर २०२५ ची. मनरेगाच्या जागी संसदेनं नवा कायदा मंजूर केला. कामाचे हमीचे दिवस १०० चे १२५ झाले, पण पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात वर्षाला एकूण ६० दिवसांपर्यंत ही कामं बंद ठेवण्याची तरतूदही आली. एका हातानं दर दिला, आणि ज्या दिवसांत बाईला भाव करता येतो नेमके तेच दिवस दुसऱ्या हातानं काढून घेतले, असं मला वाटतं. बाबांना ही तरतूद बरी वाटते. आमचं यावर एकमत नाही.

त्या डिसेंबरात शेवटी काय झालं ते सांगतो. दोन दिवस शेत तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आई मावशींच्या घरी गेली. परत आली ती तेरा रुपयांवर ठरवून. बाबा काही बोलले नाहीत, गाडीवाल्याला फोन लावला. तेरानं हिशेब केला तर दिवसाचे २४७. रेषेच्या खालीच, पण १९० नाहीत.

आणि त्यानंतर काय झालं तेही सांगायला हवं. जून २०२५ मध्ये बाबांनी कापूस एकाच एकरावर लावला. उरलेल्या दोन एकरांत मका. मक्याला वेचणी नाही, मशीन येतं आणि दाणे करून जातं. मी विचारलं, तर म्हणाले, "बोंडअळी, भाव, मजूर. किती जणांशी भांडू?" फक्त तेरा रुपयांमुळं हे झालं असं मी म्हणणार नाही. पण त्यामुळं अजिबात झालं नाही, असंही म्हणता येणार नाही. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मका भिजला. २,४०० चा हमीभाव जाहीर होता, आमचा त्याच्या बराच खाली गेला. म्हणजे बाबांचं गणितही काही जमलं नाही.

दिवाळीनंतर मावशी रस्त्यात भेटल्या. मी विचारलं, काम कसं चाललंय.

"तुमच्याकडचे दिवस कमी झाले बाळा," त्या म्हणाल्या. "पयले दोन वेचण्यांचे पैसे चांगले राहत. आता अद्रकीला जातो लांब. रोज बरा हाय, पण गाडीत दीड तास जातो."

"मग तेव्हा पंधरा मागायला नको होते का?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "न मागून बापाने तुझ्या कापूस लावला असता का?"

मला माहीत नाही. बाबांनाही माहीत नसावं.

एका एकरातली तिसरी वेचणी या वर्षीही आली. या वेळी बाबांनी हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं: पहिल्या दोन वेचण्या अकरा रुपये किलो आणि तिसरी रोजानं, ३०० रुपये. मनरेगाची मजुरी तेव्हा ३१२ झाली होती. रोजानं दिलं की हात हळू चालतात अशी बाबांची भीती होती. वहीत बघितलं तर सरासरी १८ किलो, गेल्या वेळेपेक्षा एका किलोनं कमी. जे निघायचं ते निघालं.

वहीत आणखी एक बदल होता. बायकांच्या नावांखाली बाबांनी शेवटची एक ओळ वाढवली होती: ‘घरची’. तिच्यापुढं रोजचे किलो लिहिले होते. दराचा रकाना कोरा ठेवला होता. मी बाबांना विचारलं, इथं काय भरायचं.

"तू सांग," ते म्हणाले. "टेबल तुझ्याकडं असतं ना."